ब्रँडेड मशीनमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड: आधी स्क्रीन काळी, आता एक्स्पोर्टला बसलं की रिस्टार्ट

मिक्सिंगवाला_अमळनेर
रविवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. अमळनेरला माझं लग्नाच्या व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान आहे, चौदा वर्षं झाली. मशीन ब्रँडेड, २०२२ मध्ये तयारच घेतलेलं. आय-५ १२४००, १६ जीबी रॅम, एनव्हीएमई डिस्क. वॉरंटी संपलीय. आजवर सगळं काम फुल एचडीचं होतं, मशीनच्या स्वतःच्या (ऑनबोर्ड) ग्राफिक्सवर निभून गेलं. या सीझनला शूटिंगवाली पोरं फोर-के आणून देतात आणि टाइमलाइन जागची हलत नाही. म्हणून परवा आरटीएक्स ३०६०, १२ जीबीवालं कार्ड घेतलं.

बसवलं. पंखे फिरतात, कार्डाचा दिवा लागतो, पण मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. कार्ड काढलं की मशीन पहिल्यासारखं नीट चालू. चार वेळा काढून-घालून झालं.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत तीन लग्नं द्यायची आहेत. त्यातलं एक पारोळ्याचं, नवरदेव फौजेत आहे, त्याची सुट्टी येत्या रविवारी संपते. त्याच्या आईला मी शब्द दिलाय की पोरगा पेनड्राइव्ह सोबत घेऊनच जाईल. कोणाला काही सुचत असेल तर सांगा.

यावलकर
रविवार, रात्री ११:०५

दादा, आधी हे सांगा, मॉनिटरची केबल कुठे लावलीय? डब्याच्या मागे वरच्या बाजूला, कीबोर्ड-माऊस लावतो त्याच्या शेजारी असेल तर ते मदरबोर्डचं पोर्ट. कार्ड बसलं की बरीच ब्रँडेड मशीनं ऑनबोर्ड डिस्प्ले आपोआप बंद करतात. मग त्या पोर्टातून काही येतच नाही. केबल खाली कार्डाच्या आडव्या पट्टीतल्या एचडीएमआयला लावून बघा.

मिक्सिंगवाला_अमळनेर
रविवार, रात्री ११:१९

आलं! केबल वरच होती. यावलकर भाऊ, फार उपकार झाले.

विंडोज उघडलं, पण सगळं मोठंमोठं दिसतंय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असं लिहून येतंय.

नंदुरबारची_ताई
रविवार, रात्री ११:४०

ड्रायव्हर नाही अजून, इतकंच. एनव्हिडियाच्या साइटवरून घ्या, तिथे गेम रेडी आणि स्टुडिओ असे दोन मिळतात. तुमचं काम एडिटिंगचं, तुम्ही स्टुडिओ घ्या.

दुसरं एक मुद्दाम सांगते, कारण हे दुकानात कोणी सांगत नाही. बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन ऑनबोर्ड ग्राफिक्स परत चालू करून ठेवा. मॉनिटर कार्डालाच राहू द्या, फक्त ऑनबोर्ड जिवंत असू द्या. तुमची पोरं नव्या मिररलेस कॅमेऱ्यावर १० बिट, ४:२:२ मध्ये एच.२६५ (रंग जास्त साठवणारा, जड प्रकार) शूट करत असतील, तर तो प्रकार ३०६० च्या हार्डवेअरला उलगडता येत नाही. तुमच्या १२ व्या पिढीच्या इंटेलचं क्विकसिंक, म्हणजे ऑनबोर्डमधलाच व्हिडिओचं काम करणारा भाग, मात्र ते काम आरामात करतं. लोक मोठं कार्ड घेतात, ऑनबोर्ड बंद करून टाकतात आणि टाइमलाइन होती तशीच अडकते. मग दोष कार्डाला लागतो.

मिक्सिंगवाला_अमळनेर
सोमवार, रात्री ९:३५

ताईंनी सांगितलं तसं सगळं केलं. टाइमलाइन पाण्यासारखी वाहतेय. हळदीचा पूर्ण भाग, चार कॅमेरे, कुठेही न अडकता बघितला.

पण एक्स्पोर्ट लावला आणि तिसऱ्या मिनिटाला मशीन खटकन बंद. निळी स्क्रीन नाही, एरर नाही. लाइट गेल्यासारखं बंद झालं आणि आपलं आपण परत चालू. तीनदा लावलं, तीनदा तेच. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नेल-पॉवर ४१’ दिसतं. तापमान बघत होतो, कार्ड ७१ च्या वर गेलेलं नव्हतं.

कार्ड जिथून घेतलं तिथे फोन केला. ते म्हणाले पीस खराब असेल, घेऊन या, कंपनीला पाठवू, पंधरा दिवस धरा. माझ्याकडे पंधरा दिवस नाहीत.

पुण्यातला_खान्देशी
सोमवार, रात्री ९:५८

सेफ मोडमध्ये डीडीयू (ड्रायव्हर पुसणारं सॉफ्टवेअर) चालवून ड्रायव्हर मुळापासून काढा आणि परत टाका. त्यानेही नाही झालं तर आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ६० टक्क्यांवर आणून एक्स्पोर्ट करून बघा. १७० वॅटचं कार्ड १०० च्या आसपास येईल. तेवढ्यावर एक्स्पोर्ट पूर्ण झाला तर गडबड पॉवरची आहे हे पक्कं.

धुळ्याचा_फिटर
सोमवार, रात्री १०:१०

थांबा. दादा, आता परत एक्स्पोर्ट लावू नका. पुणेकर भाऊंची परीक्षा बरोबर आहे, पण त्याआधी एक गोष्ट डोळ्यांनी बघायला हवी. मशीनची बाजूची पत्र्याची झडप काढा आणि दोन गोष्टी सांगा. एसएमपीएसच्या (मशीनला वीज देणाऱ्या पेटीच्या) लेबलवर किती वॅट लिहिलंय? आणि कार्डाला वरून वायर कुठून दिलीय?

आणि ‘४१’ वर जाऊ नका. मशीन रीतसर बंद न होता बंद पडलं, एवढंच ते सांगतं. का पडलं ते त्यात नसतं.

मिक्सिंगवाला_अमळनेर
सोमवार, रात्री १०:२४

लेबलवर २६० वॅट आहे. कार्डाला ८ पिनांची जागा आहे, पण एसएमपीएसमधून तशी वायर येतच नाही. दुकानदाराने कार्डासोबत एक कन्व्हर्टर दिला होता. एका टोकाला हार्डडिस्कला लागतो तसा चपटा काळा प्लग, दुसऱ्या टोकाला ८ पिन. तो लावलाय.

धुळ्याचा_फिटर
सोमवार, रात्री १०:४७

हीच भीती होती. नीट मांडून सांगतो, कारण हा कन्व्हर्टर मी आमच्याकडे दर महिन्याला कोणाच्या ना कोणाच्या डब्यातून काढतो.

कार्डाला वीज दोन वाटांनी मिळते. एक स्लॉटमधून, ती जास्तीत जास्त ७५ वॅट. बाकीची वरच्या वायरीतून. ८ पिनांची वायर १५० वॅटसाठी बनलेली असते. तुमचं कार्ड भर कामात १७० खातं, म्हणजे वरच्या वायरीतून शंभरच्या आसपास किंवा थोडी जास्तच जाते. आता तो चपटा प्लग, म्हणजे साटा. त्यात १२ व्होल्टच्या तीनच पिना आणि प्रत्येक पिन दीड अँपिअरची. साडेचार अँपिअर गुणिले १२, झाले ५४ वॅट. ५४ च्या दारातून शंभर जातायत. तो प्लग हार्डडिस्कसाठी आहे, त्याला एवढं सोसत नाही.

आता एसएमपीएस. तुमचा १२४०० प्रोसेसर टर्बोला (पूर्ण जोरात) ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. कार्ड १७०. नुसते हे दोन मिळून २८७, आणि लेबल २६० चं. शिवाय कार्ड क्षणभर उसळी मारतं ती १७० च्याही वर जाते. टाइमलाइन बघताना दोघं एकदम जोर लावत नाहीत, म्हणून चाललं. एक्स्पोर्टला दोघंही लागले की एसएमपीएस स्वतःला वाचवायला बंद होतो. तुमचं कार्ड बहुतेक ठणठणीत आहे.

मशीन बंद करा, मेनची पिन भिंतीतून काढा, दहा मिनिटं थांबा आणि तो साटा प्लग हातात घेऊन उजेडात बघा.

मिक्सिंगवाला_अमळनेर
सोमवार, रात्री ११:१२

बघितला. प्लग ओढताना नेहमीसारखा सुटला नाही, चिकटल्यासारखा झाला होता. टॉर्च धरला तर काळ्या प्लास्टिकची एका बाजूची कड मऊ होऊन आत दबलीय. तिथल्या दोन पिना तांबूस झाल्यात, बाकीच्या चकचकीत. पिवळ्या वायरीचं आवरण प्लगजवळ बोटभर कडक झालंय, वाकवलं तर तडकलं. नाकाजवळ नेलं तर जळक्या रबराचा वास.

दुकानात वर पीओपी आहे आणि मागे सगळ्या गावाच्या लग्नांच्या हार्डडिस्क. हात थरथरले माझे. सकाळपासून तीनदा मी एक्स्पोर्ट लावून चहाला खाली गेलो होतो.

बोरीकाठ
सोमवार, रात्री ११:२०

भाऊ, हाई कार्डनी चूक नई शे, पावरनी शे. येळवर देखं, भलं व्हयनं. ती वायर परत लावू नका, कोणाला देऊही नका.

नंदुरबारची_ताई
सोमवार, रात्री ११:३१

दादा, फौजीचं काम आधी मार्गी लावू. कार्ड काढून ठेवा, मॉनिटर परत मदरबोर्डला लावा. क्लिप्सच्या प्रॉक्सी (हलक्या, कमी रिझोल्यूशनच्या प्रती) करून घ्या, एडिट प्रॉक्सीवर करा आणि शेवटी एक्स्पोर्ट क्विकसिंकवर रात्रभर लावा. वेळ लागेल, पण २६० वॅटमध्ये सुखाने होईल. मशीन तीन वर्षं तेच करत आलंय.

मिक्सिंगवाला_अमळनेर
मंगळवार, सकाळी ८:१५

प्रॉक्सी रात्रीत तयार झाल्या. आता पुढचं विचारतो. एसएमपीएस बदलू की कार्ड? इथला एक जण म्हणतो ३०५० घ्या, तिला वायरच लागत नाही.

यावलकर
मंगळवार, सकाळी ८:५०

३०५० मध्ये दोन प्रकार आहेत, त्यात फसू नका. २०२४ मध्ये आलेलं ६ जीबीवालं ७० वॅटचं आहे, स्लॉटवरच भागतं. जुनं ८ जीबीवालं १३० वॅटचं, त्याला वायर लागतेच. नाव एकच असल्याने दुकानात गोंधळ होतो. तुमच्या डब्याला ६ जीबीवालं शंभर टक्के सोयीचं. माझ्या भाच्याच्या तशाच मशीनमध्ये मी तेच बसवलंय, वर्ष झालं.

धुळ्याचा_फिटर
मंगळवार, सकाळी ९:३०

यावलकरांचं म्हणणं खरं आहे आणि कोणी नव्याने घेणार असेल तर मीही तेच सांगेन. पण दादांच्या हातात कार्ड आलेलं आहे, पैसे गेलेत, आणि चार कॅमेऱ्यांच्या फोर-के ला १२ जीबी मेमरीचा उपयोग आहे. माझं मत एसएमपीएस बदला.

फक्त ब्रँडेड मशीनमध्ये इथेच मोठी अडचण असते. मदरबोर्डला जाणारा मोठा प्लग बघा. बाजारातल्या एसएमपीएसला २४ पिनांचा असतो. ऑफिससाठी बनवलेल्या बऱ्याच ब्रँडेड बोर्डांना ६, ८ किंवा १० पिनांचा स्वतःचा वेगळाच प्लग असतो, आणि त्यातून फक्त १२ व्होल्ट जातं. ५ आणि ३.३ व्होल्ट तो बोर्ड स्वतः तयार करतो. त्यासाठी २४ चा त्या प्लगमध्ये रूपांतर करणारी केबल मिळते, पण पिनांची संख्या जुळली म्हणजे केबल जुळली असं होत नाही. एका कंपनीच्या ८ पिना आणि दुसरीच्या ८ पिना यांत व्होल्टेजची जागा वेगळी असते. चुकीची लागली तर बोर्ड जागेवर जातो. बोर्डाचा मॉडेल नंबर सांगूनच केबल घ्या, आणि बोर्डाला लावण्याआधी मल्टिमीटरने प्रत्येक पिन मोजून घ्या. जुन्या एसएमपीएसच्या प्लगचा फोटो समोर ठेवा. त्यात जिथे पिवळी, तिथे नव्यात १२ आलंच पाहिजे. जिथे काळी, तिथे शून्य.

आणि माप घ्या. नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस १५० मिलिमीटर रुंद, ८६ उंच असतो. तुमच्या डब्यात मागचे चार स्क्रू त्या जागी बसतायत का ते पाहून मगच पैसे द्या. बारीक, आडव्या डब्यात तो जातच नाही.

मिक्सिंगवाला_अमळनेर
मंगळवार, दुपारी १:४०

मापलं. जुना काढून पट्टी लावली, १५० आणि ८६ बरोबर येतं, स्क्रूही जुळतील. बोर्डाचा प्लग १० पिनांचा आहे. उद्या जळगावला जातोय.

शिरपूरचा_वायरमन
मंगळवार, दुपारी २:१५

जाताय तर मल्टिमीटर आहेच हातात, दुकानाचं अर्थिंगही तपासून घ्या. सॉकेटमध्ये फेज-अर्थिंग २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थिंग दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन सुकते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. न्यूट्रल-अर्थिंग दहा-पंधरा दाखवत असेल तर खड्ड्यात पाणी ओता आणि वायरमनला दाखवा. डब्याच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर हेच कारण.

मिक्सिंगवाला_अमळनेर
गुरुवार, रात्री १२:२०

झालं. पूर्ण सांगतो, पुढे कोणाला लागेल.

५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ एसएमपीएस घेतला. त्यातून कार्डासाठी ८ पिनांची स्वतःची वायर येते. केबलला मात्र पाच दुकानं फिरावी लागली. चार जणांनी ‘चालून जाईल’ म्हणत वेगळीच पुढे केली. पाचव्याने बोर्डाचा नंबर विचारला, त्याच्याकडची घेतली.

घरी येऊन फिटर भाऊंनी सांगितलं तसं केलं. जुना प्लग टेबलावर डावीकडे, नवा उजवीकडे, मधे वही. वहीत दोन ओळींत दहा चौकोन आखले. धाकटी पोरगी मीटरचे आकडे वाचत होती, मी लिहीत होतो. पिवळ्यांवर १२.१, काळ्यांवर शून्य. सगळं दोनदा मोजलं. मगच बोर्डाला लावलं. बटण दाबताना पोरीने माझा हात धरला होता.

चालू झालं. आफ्टरबर्नर उघडून एक्स्पोर्ट लावला आणि या वेळी चहाला गेलो नाही, समोर बसून राहिलो. कार्ड १६५ ते १६८ वॅटवर, तापमान ७६. तिसरं मिनिट गेलं. दहावं गेलं. दोन तासांचं लग्न ३८ मिनिटांत बाहेर आलं. याच लग्नाला ऑनबोर्डवर सगळी रात्र गेली होती. मधेमधे प्लगला हात लावून बघितला, कोमट सुद्धा नाही.

कार्ड चांगलं निघालं. पंधरा दिवसांसाठी पाठवून दिलं असतं तर तपासून ‘ओके’ म्हणून परत आलं असतं आणि मी परत त्याच वायरीवर लावलं असतं.

पुण्यातला_खान्देशी
गुरुवार, सकाळी ७:४५

फिटर भाऊंनी वेळेवर थांबवलं हे बरं झालं. मी सांगितलेली परीक्षा त्या जळक्या प्लगवर करायला लागली असती. यापुढे कोणाला सांगताना आधी वायर बघायला सांगेन.

मिक्सिंगवाला_अमळनेर
शुक्रवार, दुपारी ३:०५

एक नवीन अडचण. मघाशी लाइट गेली. एक्स्पोर्ट चालू होता. यूपीएसने एकच लांब शिटी मारली आणि मशीन बंद. आधी हाच यूपीएस दहा मिनिटं धरायचा. ६०० व्हीएचा आहे.

शिरपूरचा_वायरमन
शुक्रवार, दुपारी ३:२२

६०० व्हीए म्हणजे ३६० वॅट, लेबलवर बारीक अक्षरात असेल. आता हिशोब करा. कार्ड १७०, प्रोसेसर एक्स्पोर्टला ८० धरा, बाकी पंखे-डिस्क ४०. झाले २९०. एसएमपीएस शंभरातले ८५ आत देतो, म्हणून भिंतीतून ३४० ओढतो. मॉनिटरचे ३० मिळवा. ३७० झाले. यूपीएस ओव्हरलोड होऊन पडला, त्यात त्याची चूक नाही. लाइट असताना तो नुसता पुढे पाठवतो म्हणून कळत नाही.

१ केव्हीए, ६०० वॅटचा घ्या. आणि जमलं तर साइन वेव्हचा. तुमचा नवा एसएमपीएस अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचा (भिंतीतून वीज सुरळीत ओढणाऱ्या सर्किटचा) असेल, असे काही एसएमपीएस चौकोनी लाटेच्या स्वस्त यूपीएसवर बदलाच्या क्षणी दम तोडतात. तोवर दुपारी पॉवर लिमिट कमी करून काम करा.

मिक्सिंगवाला_अमळनेर
शुक्रवार, रात्री १०:४०

तात्पुरतं लिमिट ८० टक्क्यांवर केलं, म्हणजे १३६ वॅट. एक्स्पोर्टला चारच मिनिटं जास्त लागली आणि तापमान ६९ वर आलं. दुपारी इथे ४४ अंश आहे, दुकानात कूलर, त्यामुळे उन्हाळाभर असंच ठेवणार आहे. आज लाइट दोनदा गेली, दोन्ही वेळा यूपीएसने धरलं. नवा यूपीएस आखाजीनंतर, लग्नांचे पैसे हातात आले की.

समोरच्या जाळीला कापसाच्या तंतूंची गादी बसली होती, ती पण काढली. मागच्या गल्लीत जिनिंग आहे.

बोरीकाठ
रविवार, दुपारी १२:३०

फौजी भाऊनं काय व्हयनं?

मिक्सिंगवाला_अमळनेर
रविवार, रात्री ९:१०

सकाळी अमळनेर स्टेशनावर स्वतः जाऊन पेनड्राइव्ह दिला. ऑनबोर्डवालं काढलेलं होतंच, पण नंतर रंग नीट करून कार्डावर परत काढलं आणि तेच दिलं. त्याच्या आईसाठी दुसरी प्रत टीव्हीवर चालेल अशी करून दिली.

शहाद्याचा_विद्यार्थी
रविवार, रात्री ९:४८

दादा, सगळा धागा वाचला. माझ्याकडे ऑफिसातून निघालेला बारीक, आडवा ब्रँडेड डबा आहे. ब्लेंडर (थ्री-डी सॉफ्टवेअर) शिकतोय. एक जण वापरलेलं ३०६० देतोय, सोबत ‘वायर फ्री’ म्हणतो. उद्या पैसे द्यायचेत.

मिक्सिंगवाला_अमळनेर
रविवार, रात्री १०:०२

पैसे देऊ नकोस भाऊ. त्या डब्यात हे कार्ड उंचीलाच बसणार नाही, आणि फ्री वायर कोणती ते मला माहीत आहे. झडप काढून दोन फोटो टाक, एक एसएमपीएसच्या लेबलचा आणि एक मदरबोर्डला जाणाऱ्या प्लगचा. ३०५० चं ६ जीबीवालं अर्ध्या उंचीतही मिळतं, तुझ्या स्लॉटची जागा बघून सांगतो. माझ्याकडची वायर मी पक्कडीने चार तुकडे करून टाकलीय. आज रात्री दीडपर्यंत दुकानात आहे, तोवर कधीही टाक.